बाहुलीच्या केसांना खोबरेल तेल लावू नका प्लीज

परवा माळा आवरताना मावशीच्या लहानपणीची बाहुली सापडली. व्हिनाइलचं म्हणजे मऊ प्लास्टिकचं डोकं, उघडझाप करणारे डोळे आणि केसांची एकच जाड चिकट वेणी, हात लावला तर बोटाला मेणासारखं काहीतरी लागलं. मावशी म्हणाली, अगं, आजी दर रविवारी मला तेल लावायची ना, मग मी हट्ट करायचे म्हणून बाहुलीलाही लावायची. इतक्या मायेनं लावलेलं ते तेल, आणि त्याच्यावर धूळ बसून बसून केसांचा अक्षरशः दोर झालेला.

आपल्या केसांना तेल चालतं कारण आपला केस प्रोटीनचा असतो आणि खोबरेल तेल त्याच्या आत थोडंफार शिरतं, मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली होती त्यात केसातलं प्रोटीन धुऊन जाणं फक्त खोबरेलनं कमी झालेलं दिसलं. बाहुलीच्या केसात प्रोटीनच नाही. तो प्लास्टिकचा धागा आहे, सोऱ्यातून शेव पाडावी तसा. प्लास्टिक वितळवून (किंवा विरघळवून) बारीक बारीक भोकांतून दाबून काढायचं आणि मग तो धागा ताणून लांब करायचा, ताणल्यामुळे आतले रेणू एका दिशेनं ओळीत बसतात आणि धाग्याला ताकद नि चमक येते. तेल याच्या आत जात नाही, वर बसून राहतं, खवट होतं, आणि डोक्याच्या व्हिनाइलला मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ना तेही तेलात उतरून बाहेर येऊ शकतं.

पण प्लास्टिक म्हणजे कुठलं, हे आधी कळायला हवं. जुन्या बाहुल्यांत मुख्यतः चार सापडतात. नायलॉन, जपानच्या कानेका कंपनीचं कानेकालॉन, स्वस्तातल्या बाहुल्यांचं पॉलिप्रॉपिलीन, आणि सरान. सरानची गोष्ट मला फार आवडते. १९३३ मध्ये अमेरिकेत डाऊ केमिकलच्या लॅबमध्ये राल्फ वायली नावाचा मुलगा काचेची भांडी धुवायचं काम करायचा, एका भांड्याच्या तळाशी काहीतरी चिकटलेलं, घासून घासून निघेना. न निघणारी ती वस्तू म्हणजेच पुढे सरान झालं. आधी विमानांवर समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून बचाव म्हणून फवारलं, मग गाड्यांच्या सीटवर आलं, अन्न गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकमध्ये आलं आणि १९५९ च्या पहिल्या बार्बीच्या डोक्यावरही आलं.

ओळखायचं कसं? जाळून बघू नका, सरान आणि कानेकालॉन दोन्हीत क्लोरीन असतं, तो धूर नाकात जाण्यासारखा नाही. त्यापेक्षा गळालेले दोनचार केस घ्या आणि वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्यात बोटांनी चोळून बुडवा, चोळायचं अशासाठी की केसाला हवेचे बुडबुडे चिकटलेले असले तर जड केससुद्धा तरंगतो आणि आपली फसगत होते. नीट बुडवूनही वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण त्याची घनता ०.९ म्हणजे पाण्यापेक्षा (पाण्याची १) कमी. बुडाला तर दुसऱ्या वाटीत मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला, १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम जातं, त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास होते. नायलॉन १.१४ चं, ते यात वर येतं. सरान १.७ च्या आसपास आणि कानेकालॉन १.३ च्या आसपास, दोन्ही तळाला. या दोघांतला फरक डोळ्यांना कळतो, सरान जड, गुळगुळीत, चकचकीत आणि कानेकालॉन मऊ, खऱ्या केसासारखं थोडं निस्तेज. मावशीच्या बाहुलीचा केस साध्या पाण्यात बुडाला, मिठाच्या पाण्यात वर आला. नायलॉन! मी अक्षरशः ओरडले.

तेल काढायला कोमट पाणी आणि तेच भांड्याचं लिक्विड, शाम्पूपेक्षा ते तेलाला जास्त चांगलं पकडतं. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातल्या ॲसिटोनमध्ये कानेकालॉन चक्क विरघळतं आणि चेहऱ्याचा रंगही जातो. धुताना बाहुली उलटी धरा. डोळे उघडझाप करत असतील तर आत लोखंडाचं काहीतरी असण्याची शक्यता मोठी, पाणी गेलं की गंज. १९८० च्या दशकातल्या माय लिटल पोनी नावाच्या खेळण्यातल्या घोड्यांच्या शेपट्या आतून धातूच्या वॉशरनं धरलेल्या असायच्या आणि कितीतरी पोनींच्या शेपटीच्या मुळाशी तांबूस डाग दिसतात ते त्या वॉशरच्या गंजाचेच.

आता टोकं. प्रत्येक जुन्या बाहुलीच्या केसांची टोकं पिंजारलेली असतात आणि आपण म्हणतो केस खराब झाले, पण बहुतेक वेळा तसं नसतं. गिफ्टवरच्या प्लास्टिकच्या रिबिनीवरून कात्रीची धार ओढली की तिची गोल गुंडाळी होते बघा, एक बाजू जास्त ताणली जाते म्हणून. पोरांनी कंगवा खसाखसा ओढल्यावर बाहुलीच्या केसाचं तेच होतं, ताण आत अडकून बसतो. तो सोडवायला रेणूंना थोडं हलता यायला हवं आणि ते काम उष्णता करते. कोरडं नायलॉन साधारण ५० अंशांच्या वर सैलावायला लागतं, ओलं असेल तर त्याच्याही खूप खाली, कारण पाणी त्याच्या रेणूंच्या मधे शिरून त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतं. म्हणून उकळतं पाणी लागत नाही, भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद करायचा.

त्याआधी एक पायरी आहे, कपडे मऊ करायचं लिक्विड पाण्यात मिसळून त्यात केस दहाएक मिनिटं भिजवायचे. त्यातल्या रेणूंवर धन विद्युतभार असतो, ते केसाला चिकटून बसतात, मग कंगवा सरकतो आणि केस एकमेकांना ढकलून उभे राहत नाहीत. कंगवा धातूचा, रुंद दातांचा, आणि टोकापासून वर वर जायचं. मुळापासून ओढलंत तर टाळूतल्या भोकातून अख्खा पुंजका हातात येतो, माझ्या हातात एक आलाच आणि खूप वाईट वाटलं.

मग केस सरळ विंचरून त्यावर ते गरम पाणी हळूहळू ओतायचं आणि लगेच गार पाणी, कुरळे हवे असतील तर स्ट्रॉवर गुंडाळून ओतायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडायचं नाही. नायलॉन आणि सरान छान ऐकतात. पॉलिप्रॉपिलीन काही केल्या आकार धरून ठेवत नाही, ते नुसतं स्वच्छ करावं. आणि स्ट्रेटनर कुणालाच नको, तो सहज १८० ते २०० अंशांवर जातो आणि पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपासच वितळतं, वितळलेल्या टोकाला मग कात्रीशिवाय इलाज नाही.

वाळवायचं पंख्याखाली, डोकं खाली करून. उन्हात नाही, ऊन रंग खातं, आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका, डोक्याच्या आत ओल राहिली की बुरशी धरते.

मावशीच्या बाहुलीला वाळायला दोन दिवस लागले. वेणीच्या बाहेरच्या बटा तांबूस पिवळ्या पडल्यात, त्या तशाच राहणार, गेलेला रंग परत येत नाही. पण वेणीच्या आत जे केस इतकी वर्षं दडून होते ते गडद चॉकलेटी निघाले. मावशीनं ती बट खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाली, हाच, दुकानातून आणली तेव्हा हाच रंग होता.