आकाशातली गल्ली: उंचावरच्या वाटा कशा आल्या आणि का मोडल्या

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रेल्वे स्थानकामागच्या टेकडीवर काँक्रीटची एक लांबलचक, वळणे घेत गेलेली वसाहत दिसते. तिचे नाव पार्क हिल. छप्पर सगळीकडे एकाच पातळीवर आणि खालची जमीन मात्र उतरती. त्यामुळे टेकडीच्या माथ्याकडे इमारत चार मजल्यांची, तर पायथ्याकडे तेरा मजल्यांची. दर तिसऱ्या मजल्यावर सुमारे तीन मीटर रुंदीची, एका बाजूने उघडी वाट इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. या वाटेला डेक म्हणतात. १९६१ मध्ये पुऱ्या झालेल्या या ९९५ घरांच्या वसाहतीचे सुरुवातीला कौतुक झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी मँचेस्टरमध्ये ह्यूम क्रेसेंट्स उभी राहिली. तिथेही डेकच होते, पण दोन-तीन वर्षांतच कुटुंबे तिथून निघून जाण्यासाठी धडपडू लागली. शेफिल्डच्या वेळी शहराचे मुख्य वास्तुविशारद जे. लुइस वॉमर्सली होते. ह्यूमचा आराखडा करणाऱ्या विल्सन अँड वॉमर्सली या खाजगी कार्यालयाचे भागीदारही तेच. कल्पना एक, माणूस एक, निकाल मात्र दोन. उंचावरच्या वाटांचा इतिहास या फरकातच दडलेला आहे.

कल्पना युद्धोत्तर काळातली नाही. रॉटरडॅमच्या स्पांगेन भागात मिखील ब्रिंकमन यांनी १९१९ ते १९२२ या काळात महापालिकेसाठी २६४ घरांची वसाहत बांधली. मधल्या अंगणांभोवती चार मजली इमारती आणि वरच्या घरांसाठी सलग एक गॅलरी. तिची रुंदी कुठे २.२ मीटर, कुठे ३.३ मीटर. ज्या मजल्यावर गॅलरी आहे तिथेच वरच्या दुमजली घरांचे दरवाजे. दूधवाल्याची, पाववाल्याची हातगाडी वर नेण्यासाठी मालवाहू लिफ्ट होती, त्यामुळे विक्रेता थेट दारापर्यंत येई. मधोमध सामायिक स्नानगृह होते. उंचावरची वाट फक्त जाण्या-येण्याची नसून दारापुढची जागा आहे, ही समज इथे पहिल्यांदा एवढ्या स्वच्छपणे बांधकामात उतरली. चाळीची गॅलरी पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की चाळीत दर मजल्याला गॅलरी असते आणि खोलीचे दार-खिडकी दोन्ही तिच्याकडे उघडतात. खिडकीचा हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

नंतरचे प्रयोग वाटेला इमारतीच्या पोटात घेऊन गेले. मॉस्कोत गिन्झबुर्ग आणि मिलिनिस यांच्या नार्कोमफिन इमारतीत मोजक्याच मजल्यांवर लांब मार्गिका ठेवून वर-खालची घरे त्यांना जोडली. मार्सेयमध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी १९४७ ते १९५२ मध्ये बांधलेल्या ३३७ घरांच्या इमारतीत दर तिसऱ्या मजल्याला 'अंतर्गत रस्ता' आहे, पण तो दोन्ही बाजूंनी बंद आणि अंधारा. ब्रिटिश वास्तुविशारद अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन यांचा आक्षेप नेमका यावर होता. लंडनच्या गोल्डन लेन वसाहतीच्या आराखडा-स्पर्धेसाठी १९५२ मध्ये पाठवलेल्या प्रवेशिकेत त्यांनी हीच वाट इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, उजेडात आणली. स्पर्धा त्यांनी जिंकली नाही, पण रेखाचित्रे मात्र वास्तुकलेच्या शाळाशाळांतून फिरली. वास्तुकलेचे शिक्षण नुकतेच संपवून शेफिल्डला नोकरीला लागलेल्या जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ यांनी पार्क हिल आखले ते याच वातावरणात.

पार्क हिलचा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसणारी मांडणी, समजून घेतला की डेकचे गणित कळते. तीन मजल्यांचा एक गट धरायचा. मधल्या मजल्यावर डेक. डेकच्या खालच्या मजल्यावर एकमजली घर, दारातून आत शिरून जिना उतरायचा. डेकच्या पातळीवर आणि त्याच्या वर मिळून दुमजली घर, दारातून आत शिरून जिना चढायचा. म्हणजे तीन मजल्यांतल्या सगळ्या घरांचे दरवाजे एकाच वाटेवर येतात. यातून तीन गोष्टी साधतात. लिफ्टला तेराऐवजी चारच थांबे लागतात. वाटेवर वर्दळ तिप्पट होते, त्यामुळे ती रिकामी राहत नाही. आणि डेक नसलेल्या दोन मजल्यांवर घराला इमारतीची पूर्ण रुंदी मिळते, दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा येतो. तीन मीटर रुंदी का, तर विजेवर चालणारी दुधाची छोटी गाडी लिफ्टने वर येऊन दारोदार फिरावी आणि तिच्या शेजारून माणसे सहज जावीत म्हणून.

याची किंमतही त्या छेदातच आहे. डेकची जमीन म्हणजे खालच्या घराचे छप्पर. तिथला पाणबंद थर आणि उतार बिघडला की पाणी थेट कोणाच्या तरी झोपायच्या खोलीत उतरते. सायकलची, बुटांच्या टाचांची, पोरांच्या धावण्याची धडधड काँक्रीटमधून खाली जाते. डेकचे छत म्हणजे वरच्या घराची जमीन, आणि तिला खालून थंड वारा लागत राहतो. आतल्या बाजूने तिथे दव धरते, मग बुरशी. एकमजली सपाट गच्ची गळली तर एका घराचे नुकसान होते. डेक गळला तर नुकसान वाटेच्या लांबीने मोजावे लागते.

तरीही पार्क हिल पहिली वीसेक वर्षे बऱ्यापैकी चालले, आणि त्याची कारणे नुसत्या वास्तुरचनेत नाहीत. टेकडीच्या उतारामुळे बहुतेक डेक कुठे ना कुठे जमिनीला टेकतात. घरातून निघून जिना किंवा लिफ्ट न वापरता रस्त्यावर येता येते, म्हणजे ती वाट खरोखर कुठेतरी जाते. झोपडीवजा जुनी वस्ती पाडून लोकांना इथे आणताना शेजारी शेजारीच राहतील याची काळजी घेतली गेली आणि डेकना जुन्या गल्ल्यांची नावे दिली. नॉर्विच रो, लाँग हेन्री रो ही त्यातलीच. दुकाने आणि चार पब वसाहतीतच होते. देखरेखीला राहते कर्मचारी होते, आणि नव्या जागेत लोक कसे रुळतात हे पाहायला महापालिकेची एक कल्याण अधिकारी सुरुवातीला तिथेच राहत होती. सांगाडा जागेवर ओतलेल्या काँक्रीटचा, त्यात विटांची भर. सांधे कमी, म्हणून गळती कमी. कचऱ्यासाठी गार्शे पद्धत बसवली होती: ओला कचरा, डबे, लहान बाटल्या स्वयंपाकघराच्या मोरीतल्या रुंद नळातून पाण्यासोबत खाली जात आणि एका केंद्रात त्यातले पाणी काढून उरलेले जाळले जाई. नळात मावेल तेवढेच त्यात जाते. जुनी गादी किंवा मोडकी खुर्ची आली की ती डेकवरच पडून राहणार, आणि ती उचलायला माणूस लागणारच.

पुढे जे घडले त्याला पैशाची रचना कारणीभूत आहे. १९५६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये इमारत जितकी उंच तितके प्रत्येक घरामागे सरकारी अनुदान वाढवले. त्याच वेळी कारखान्यात भिंती-स्लॅबचे पॅनेल ओतून जागेवर क्रेनने जुळवण्याच्या पद्धती आल्या. डेन्मार्कची लार्सन-नील्सन त्यातली प्रसिद्ध. डेकची रचना या पद्धतीला फार सोयीची. एकसारखा छेद, मैलभर लांबी, क्रेनसाठी एक सरळ रूळ. १९६८ मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या निवासी मनोऱ्याचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने ढासळला. तो मनोराही लार्सन-नील्सनचाच. त्यानंतर महापालिका मनोऱ्यांपासून मागे सरल्या, पण कारखाने आणि करार चालूच होते. मग मध्यम उंचीच्या, लांबलचक डेकच्या इमारतींना मागणी आली.

ह्यूम क्रेसेंट्स त्याच लाटेतली. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या चार प्रचंड चंद्रकोरी, त्यांना रॉबर्ट अ‍ॅडम, जॉन नॅश, विल्यम केंट आणि चार्ल्स बॅरी या जुन्या वास्तुविशारदांची नावे. कल्पना बाथ आणि लंडनमधल्या अठराव्या शतकातल्या चंद्रकोरी घरांवरून घेतलेली. पण इथे जमीन सपाट. एकही डेक नैसर्गिकरीत्या जमिनीला टेकत नाही; प्रत्येक वाट एका लिफ्टपासून दुसऱ्या लिफ्टपर्यंत. लिफ्ट बंद पडली की ती वाट बंद गल्ली. बांधकाम घाईचे, देखरेख ढिली; पॅनेल बांधून ठेवणारे बोल्ट काही ठिकाणी घातलेच नव्हते. सांध्यांतून पाऊस आत येई. इमारतभर फिरणाऱ्या नळ्यांच्या पोकळ्यांतून उंदीर आणि झुरळे एका घरातून दुसऱ्या घरात जात, म्हणून एका घरात औषध मारून उपयोग होत नसे. १९७३ च्या तेलसंकटानंतर घर तापवणे परवडेना. लोकांनी हीटर बंद ठेवले आणि थंड भिंतींवर ओल वाढली. १९७४ मध्ये पाच वर्षांचे एक मूल डेकच्या कठड्यावरून पडून दगावले. लहान मुलाला चढता येईल असा कठडा ही दुर्घटना नव्हे, आराखड्यातली चूक आहे. १९७५ च्या पाहणीत ९६ टक्के रहिवाशांना तिथून जायचे होते. महापालिकेने कुटुंबांना हलवून घरे मुले नसलेल्या प्रौढांना द्यायला सुरुवात केली आणि विसाव्या वर्षापर्यंत पाडकाम सुरू झाले.

डेक आणि पूल यांची गल्लत मात्र करू नये. टीकाकारांनी ती सर्रास केली. डेक म्हणजे स्वतःच्या दारापुढची वाट. जोडवाट किंवा पूल म्हणजे एका इमारतीतून दुसरीत जाणारी, दारे नसलेली वाट. जोडवाटांमागची कारणे वेगळी होती. शहरी वाहतुकीवरच्या १९६३ च्या ब्यूकॅनन अहवालाने पादचारी आणि मोटारी वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवण्याचा आग्रह धरला. लंडनमधल्या थेम्सकाठच्या थेम्समीडमध्ये १९५३ च्या महापुराची आठवण ताजी होती, म्हणून तळमजल्यावर राहायच्या खोल्या टाळल्या. उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमच्या ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीत मोझेल नावाचा लहान प्रवाह आणि वर येणारे भूजल होते. तळाला वाहनतळ आणि वरच्या पातळीवर बारा इमारतींना जोडणाऱ्या वाटा, दुकानेही तिथेच. खालचा वाहनतळ दिवसाही सुनसान राहू लागला. वरच्या वाटेवर दारे नसल्याने ती कोणाचीच नव्हती. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे दंगल होऊन एक पोलिस ठार झाला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जोडवाटा काढून टाकून लोकांची ये-जा पुन्हा जमिनीवर आणली गेली.

अमेरिकेतल्या ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये मांडले होते की ज्या जागेवर कोणाची नजर नाही आणि जी कोणाला आपली वाटत नाही, ती गुन्ह्याला उघडी पडते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अ‍ॅलिस कोलमन यांनी १९८५ मध्ये साउदर्क आणि टॉवर हॅम्लेट्समधल्या ४,०९९ इमारतींच्या पाहणीतून कचरा, तोडफोड अशा खुणा मोजून त्या आराखड्याशी जोडल्या आणि जोडवाटा तोडण्याचा सल्ला दिला. सल्ला अमलातही आला. वेस्टमिन्स्टरच्या मोझार्ट इस्टेटमधल्या काही वाटा १९८६ मध्ये पाडल्या. या मांडणीत गरिबी, बेकारी आणि देखभालीच्या पैशातली काटछाट यांना फार कमी जागा मिळाली, ही टीका रास्त आहे. सगळा दोष काँक्रीटवर टाकणे सोयीचे होते. पण नजरेबद्दलचे, म्हणजेच खिडकीबद्दलचे, निरीक्षण खरे ठरते. पार्क हिलच्या डेकवर मुख्यतः दारेच होती. दार बंद झाले की वाटेवर नजर ठेवणारे कोणी नाही. शंभर दारे असूनही डेक आंधळा राहू शकतो.

म्हणूनच पार्क हिलच्या दुरुस्तीकडे बारकाईने पाहावे. १९९८ मध्ये तिला दुसऱ्या श्रेणीच्या विशेष वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे पाडणे हा मार्ग बंद झाला. अर्बन स्प्लॅश या विकासकासाठी हॉकिन्स ब्राउन आणि स्टुडिओ एग्रेट वेस्ट यांनी पहिला टप्पा केला. त्यात इमारत नुसत्या सांगाड्यापर्यंत सोलली, खराब काँक्रीट काढून भरले, विटांच्या जागी रंगीत पत्र्याची तावदाने बसवली आणि प्रत्येक दाराशेजारी डेककडे पाहणारी कोपऱ्यातली खिडकी काढली. मिखाइल रिचेस या कार्यालयाने केलेल्या दुसऱ्या टप्प्यात उलट मार्ग घेतला: विटा जागेवर ठेवल्या, धुऊन-डागडुजी करून घेतल्या आणि थंडीपासून बचावाचा थर आतून लावला. दुसरा मार्ग अधिक समजूतदार वाटतो, कारण मूळ चूक विटांत नव्हतीच. दोन्ही टप्प्यांत डेक शाबूत राहिले. पण आता तिथे पोचायला किल्ली लागते आणि घरांचा मोठा वाटा विक्रीचा आहे. महापालिकेच्या भाडेकरूंसाठी बांधलेली ही गल्ली आता त्यांच्यापुरती उरलेली नाही. रॉटरडॅमची स्पांगेन वसाहतही वाचली. लहान घरे एकत्र करून त्यांची संख्या कमी झाली, गॅलरी मात्र आजही वापरात आहे.

स्मिथसन दांपत्याने स्वतः बांधलेली डेकची वसाहत, पूर्व लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स, १९७२ मध्ये पुरी झाली. वारसा यादीत घेण्याची मागणी फेटाळली गेली आणि २०१७ मध्ये पाडकाम सुरू झाले. त्यातला तीन मजली तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. २०१८ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकीत तो बांधकामाच्या परांचीवर चढवून मांडला होता, आणि लोक लिफ्टशिवाय, जिना चढून, त्या मूळ डेकच्या काही मीटर लांबीच्या तुकड्यावर उभे राहत होते.