पुनर्नवा की वसू? आधी फूल कुठे बसलंय ते बघा

पावसाळ्यात पुण्यात तळजाई टेकडीच्या पायवाटेलगत, मुठेच्या काठी, सोसायटीच्या कुंपणाशी दोन पसरट तणं शेजारीशेजारी उगवतात. एक पुनर्नवा म्हणजे घेटुळी, दुसरी वसू. वसूला 'पांढरी पुनर्नवा' म्हणून सर्रास खपवलं जातं.

पानांवरून ओळखायला जाल तर फसाल. दोन्हींची पानं समोरासमोर येतात आणि जोडीतलं एक पान दुसऱ्यापेक्षा मोठं असतं. वसूचं पान घोळीसारखं मांसल असतं, पुनर्नवेचं पातळ, कडेला किंचित लहरी आणि खालून फिकट पांढुरकं. पण भरपूर पाऊस झाला की पुनर्नवेचीही पानं लुसलुशीत होतात. फुलाच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका, कारण वसूची फुलं पांढरी असतात तशीच गुलाबीही.

फूल कुठे आलंय ते पाहा, ही खरी खूण. पुनर्नवा गुलबक्षीच्या कुळातली. तिची इवलीशी जांभळट-गुलाबी फुलं बारीक, फांद्या फुटलेल्या दांड्यांवर पानांपासून दूर झुलतात. वसूचं फूल एकटं, बिनदेठाचं, पानाच्या देठाच्या रुंद झालेल्या तळाशी पिशवीत दडलेलं. भिंग असेल तर पुंकेसर मोजा: पुनर्नवेत दोन-तीन, वसूत दहाच्या वर.

फळ धरलं असेल तर शंकाच उरत नाही. पुनर्नवेचं फळ गदेसारखं, पाच धारांचं आणि चिकट. फिरून आलात की पायजम्याला चिकटलेलं सापडेल. वसूच्या बोंडाचं वरचं टोपण निघून येतं आणि आत काळ्या, खरबरीत बिया दिसतात.

उपटून पाहिलंत तर पुनर्नवेचं मूळ जाड, वर्षानुवर्षं टिकणारं. वसू एका हंगामाची. वाळलेल्या मुळाच्या चकत्यांवर मात्र दोन्हींत वर्तुळं दिसतात, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातले तुकडे नुसते बघून ओळखता येतील असं मला वाटत नाही.

एवढी काटेकोरी कशाला? पुनर्नवा सूज आणि लघवीच्या तक्रारींवर देतात, आणि वसूत ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा बनायला हातभार लावणारा क्षार, भरपूर असतं. मूतखडा असलेल्याला चुकून वसूचा काढा देणं मला फार धोक्याचं वाटतं. शंका असेल तर फुला-फळांसकट अख्खं झाड वर्तमानपत्रात दाबून आघारकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. नुसती पानं नेऊ नका.