कलतं कोण, विमान की क्षितिज?

ढगात शिरलं की आपण सरळ उडतोय की कललोय, हे वैमानिकाला शरीरावरून कळत नाही. कानातला तोल खुशाल थाप मारतो. तेव्हा भरवसा कृत्रिम क्षितिजाचा, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या समोरच्या डायलचा. ते दोन तऱ्हांचं असतं आणि विमान सरळ असेपर्यंत दोन्ही जवळपास सारखीच दिसतात.

पाश्चात्त्य तऱ्हेत विमानाची खूण डायलवर पक्की. विमान उजवीकडे कललं की क्षितिजरेषेचं डावं टोक खाली जातं, समोरच्या काचेतून दिसेल अगदी तसं. सोव्हिएत तऱ्हेत रेषा आडवीच राहते आणि विमानाचं चित्र उजवीकडे कलतं. (नाक वर-खाली झालं तर मात्र तिथेही मागची पट्टीच सरकते.)

पहिली तऱ्हा खऱ्या दृश्यासारखी, म्हणून तीच सोपी असणार असं वाटतं. पण स्टिक (विमान कलवायचा दांडा) उजवीकडे ढकलली आणि रेषा डावीकडे गेली, तर हाताचं आणि डोळ्याचं जमायचं कसं? डायलवर जे हलतं तेच आपलं विमान, असं नवशिका धरून चालतो. रेषा डावीकडे कललेली पाहून तो स्टिक आणखी उजवीकडे ढकलतो, आणि कल वाढतच जातो. माझ्या मते इथे सोव्हिएत तऱ्हाच सरस. मुरलेल्या वैमानिकाला दोन्ही चालतात. धोका आहे तो एका सवयीतून दुसरीत जाताना.

१० जानेवारी २००० रोजी झुरिकहून निघालेलं क्रॉसएअर या स्विस कंपनीचं साब ३४० विमान डावीकडे वळायचं ते उजवीकडे कलत गेलं आणि कोसळलं. १० जण गेले. कॅप्टन सोव्हिएत उपकरणांवर शिकलेले होते, आणि तपासात या सवयीचीही चर्चा झाली. २००८ मध्ये रशियात पेर्मजवळ एरोफ्लोटचं बोइंग ७३७ पडून ८८ जण गेले, तिथेही पाश्चात्त्य क्षितिजाचा अपुरा सराव नोंदला गेला. (१९७८ मध्ये वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलेल्या एअर इंडियाच्या ‘सम्राट अशोक’ विमानाची गोष्ट वेगळी. तिथे कॅप्टनसमोरचं उपकरणच बिघडलं होतं.)

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॉस्को यांनी दोहोंचा मेळ घालणारी रचना तपासून पाहिली: स्टिक हलताच आधी विमानाची खूण कलते, मग सावकाश क्षितिज सरकून खऱ्या दृश्याशी जुळतं. प्रवासी विमानांत ती काही रुळली नाही.