मुलांचे फोटो: कायद्याने अडवलं ते छापणं, काढणं नव्हे

बागेत झोपाळ्यावरच्या मुलांवर कुणी अनोळखी माणसाने मोबाइल रोखला की आई-बाप चपापतात. 'सार्वजनिक जागा आहे' असं तो म्हणतो, 'पोरगी माझी आहे' असं हे म्हणतात, आणि कायदा आपल्याच बाजूने आहे असं दोघांनाही वाटतं.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा फोटोसाठी निश्चल बसून राहावं लागे. पळतं-खेळतं मूल तेव्हाच्या फोटोच्या काचेवर धड उमटलंच नसतं. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी, आणि न विचारता फोटो काढणं कुणालाही जमू लागलं. जर्मनीत १८९८ साली दोन फोटोग्राफर रात्री माजी चान्सलर बिस्मार्कच्या मृतदेहाच्या खोलीत शिरले. त्यावरून उठलेल्या गदारोळानंतर १९०७ मध्ये तिथे नियम झाला: ज्याचा चेहरा, त्याच्या संमतीविना चित्र प्रसिद्ध करायचं नाही. त्याला अपवाद आहेत, पण मूळ नियम हाच.

भारतात असा सरसकट नियम झाला नाही. आपण सुरुवात केली ती सर्वांत अडचणीतल्या मुलापासून, आणि ते योग्यच होतं. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात, ज्या मुलाची चौकशी चालू आहे त्याचं नाव, शाळा वा फोटो छापायला मनाई आली. दंड मात्र फार तर १,००० रुपये! २००६ च्या दुरुस्तीने तो २५,००० वर गेला, आणि २०१५ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख माध्यमांनी उघड करायला २०१२ च्या पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २३ ने मनाई केली. तरीही २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआच्या, अत्याचार करून मारलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा फोटो देशभर झळकला. दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले. त्या मुलीचा चेहरा मात्र परत झाकता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ही सगळी कलमं पोलीस ठाण्यापर्यंत, कोर्टापर्यंत गेलेल्या मुलांची. झोपाळ्यावरच्या मुलीचा फोटो काढणाऱ्याचा हेतू लैंगिक असेल तर पॉक्सो लागू शकतो. नुसतं फोटो काढणं हा गुन्हा नाही. १९८६ चा कायदा रचला गेला तेव्हा काढणं आणि छापणं यांच्यामध्ये डार्करूम होती, संपादक होता. मोबाइलने ते अंतरच पुसून टाकलं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली. पण कुणी व्यक्ती स्वतःच्या खासगी वा घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल, तर तिला हा कायदा लागू नाही.