फँटॅस्टिक फोर

मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांमधील चार महानायकांचा चमू. रीड रिचर्ड्स (मिस्टर फँटॅस्टिक), सू स्टॉर्म (इन्व्हिजिबल गर्ल), तिचा भाऊ जॉनी (ह्यूमन टॉर्च) आणि बेन ग्रिम (द थिंग) हे त्याचे मूळ सदस्य. अंतराळप्रवासात वैश्विक किरणांचा मारा झाल्याने त्यांना अचाट शक्ती मिळतात. पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ हा महिना छापलेला असला, तरी अंक ऑगस्टमध्येच विक्रीला आला होता. अमेरिकन चित्रकथांवर विक्रीच्या काही महिने पुढचा महिना छापण्याचा प्रघात असल्याने कालनिर्देशांत असा फरक सर्रास आढळतो.

निर्मितीचे श्रेय हा जुना वाद आहे. संपादक-लेखक स्टॅन ली यांच्या १९७४ मधील कथनानुसार, प्रतिस्पर्धी नॅशनल (पुढे डीसी) संस्थेच्या महानायक-चमूचा खप पाहून प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी तसेच काही काढण्यास सांगितले. नॅशनलचा ‘जस्टिस लीग’ चमू १९६० मध्ये अवतरला होता, त्यामुळे या कथनाचा गाभा पटण्याजोगा आहे. ही माहिती गुडमन यांना गोल्फ खेळताना नॅशनलचे प्रमुख जॅक लीबोविट्झ किंवा अर्विन डोनेनफेल्ड यांच्याकडून कळली, ही मात्र दंतकथा दिसते. आपण गुडमन यांच्याबरोबर कधी गोल्फ खेळलोच नाही, असे डोनेनफेल्ड यांनी चित्रपटनिर्माते व चित्रकथांचे अभ्यासक मायकेल उस्लान यांना सांगितले होते.

चित्रकार जॅक कर्बी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत संपूर्ण निर्मिती आपलीच असल्याचे म्हटले. त्यांच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला ‘चॅलेंजर्स ऑफ द अननोन’चा : नॅशनलसाठी १९५७ मध्ये त्यांनी रेखाटलेल्या या कथेतही चौघे जण विमान अपघातातून वाचून एकत्र येतात. उलट बाजूला ली यांचा पहिल्या अंकाचा टंकलिखित आराखडा उपलब्ध आहे. त्यातील तपशील बोलके आहेत. यान आधी मंगळाकडे निघणार होते, पण अंक बाजारात येईपर्यंत रशियन तेथे पोहोचलेले असतील, तेव्हा ताऱ्यांकडेच न्यावे, अशी सूचना त्यात आहे. (गागारिनचे उड्डाण त्याच वर्षीच्या एप्रिलमधले.) टॉर्चने ज्वाळांनी माणसे जाळू नयेत, दोर, दारे अशा वस्तूच जाळाव्यात, ही कॉमिक्स कोडची (चित्रकथांतील मजकुरावरील निर्बंधांची नियमावली) अटही त्यात नोंदलेली आहे. मात्र आराखडा असला म्हणजे त्याआधी दोघांत चर्चा झालीच नव्हती, असे होत नाही. ली थोडक्यात कथासूत्र देत, कर्बी प्रसंग रचून पाने काढीत आणि त्यावर ली संवाद लिहीत. या रीतीचा विचार करता संयुक्त निर्मितीचे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या अंकाच्या शाईकामावर (पेन्सिलच्या रेखाटनावर शाई फिरवण्याचे काम) नाव नाही. पूर्वी ते ख्रिस्तोफर रूल यांच्या नावावर घातले जाई. आता जॉर्ज क्लाइन यांचे नाव बहुधा स्वीकारले जाते.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर रस्ता फोडून वर आलेला अजस्र राक्षस आहे, त्याच्या मुठीत सू आहे आणि चमूच्या अंगावर गणवेश नाहीत. गुडमन यांचे वितरण तेव्हा नॅशनलच्याच सहयोगी कंपनीकडे होते आणि महिन्याला सुमारे आठच अंक काढण्याची मर्यादा होती. वितरकाला डिवचू नये म्हणून अंकाला राक्षसकथेचे रूप दिले, असा तर्क केला जातो. पण त्या काळी या संस्थेच्या राक्षसकथा चांगल्या चालत होत्या, एवढे कारणही पुरेसे आहे. निळे गणवेश तिसऱ्या अंकापासून आले.

पाचव्या अंकात (जुलै १९६२) डॉक्टर डूम, ४८ ते ५० या अंकांत (१९६६) गॅलॅक्टस व सिल्व्हर सर्फर आणि ५२ व्या अंकात ब्लॅक पँथर ही पात्रे आली. रीड व सू यांचा विवाह १९६५ च्या वार्षिकांकात झाला. कर्बी १०२ व्या अंकानंतर (१९७०) मार्व्हल सोडून गेले. नंतरच्या कालखंडांत जॉन बर्न यांचा १९८१ ते १९८६ मधील लेखन-रेखाटनाचा काळ उल्लेखनीय मानला जातो. २०१५ मध्ये थांबलेली मालिका २०१८ मध्ये डॅन स्लॉट यांच्या लेखनाने पुन्हा सुरू झाली.

कर्बी यांच्या वारसांनी २००९ मध्ये स्वामित्वहक्कासाठी नोटिसा दिल्या. २०११ व २०१३ मधील निकाल मार्व्हलच्या बाजूने लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्यात आले असताना सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली.