जेम्स, स्किप
(९ जून १९०२–३ ऑक्टोबर १९६९). अमेरिकन ग्रामीण ब्लूज (कृष्णवर्णीयांची लोकगीतशैली) परंपरेतील गायक, गिटारवादक व पियानोवादक. मूळ नाव नेहेमाया कर्टिस जेम्स. जन्म मिसिसिपी राज्यातील बेंटोनिया गावाजवळ.

त्याच्या वादनाचे मर्म गिटारच्या जुळणीत (तारा स्वरात लावण्याच्या पद्धतीत) आहे. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ, ए, डी असे स्वर लावतात. आपल्या परिभाषेत सा, प, सा, कोमल ग, प, सा. प्रचलित जुळणीतील (ई, ए, डी, जी, बी, ई) सहावी (सर्वांत जाड), तिसरी, दुसरी व पहिली (सर्वांत बारीक) तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन पडद्यांइतकी, उतरवली, की ही जुळणी मिळते. ताण कमी झाल्याने उरलेल्या दोन तारा किंचित चढतात, म्हणून सर्व तारा पुन्हा तपासाव्या लागतात. हीच जुळणी ई स्वरावर हवी असल्यास प्रचलित जुळणीतील फक्त पाचवी व चौथी तार एकेक स्वर चढवतात. मात्र तारा तुटण्याचा धोका वाढतो. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर बोट आपटताच शुद्ध गंधार उमटतो, उचलताच पुन्हा कोमल. दोन गंधारांमधल्या या ये-जा करण्यातूनच त्याच्या रचनांची विलक्षण उदासी येते. ही तार ढिली असल्याने बोटाचा दाब जास्त झाला, तर शुद्ध गंधार चढा लागतो. मेजर (शुद्ध गंधाराच्या) जुळणीत मोकळ्या तारेवर कोमल गंधारच नसल्यामुळे तीवर या रचना उभ्याच राहत नाहीत.

जुळणीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. जेम्सचा वडीलधारा सहवादक हेन्री स्टकी याने ती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये, बहुधा बहामाच्या, सैनिकांकडून उचलली, असे सांगितले जाते. स्टकीचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही. बेंटोनियात वेगळी शैली होती की तो जेम्सचाच प्रभाव, हाही वाद आहे. तथापि त्याच गावचा जॅक ओवेन्स (१९०४–९७) ही जुळणी स्वतःच्या ढंगाने वाजवीत असे, हे लक्षात घेता सामायिक स्थानिक परंपरेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

फेब्रुवारी १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रण केले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे २६ गीते झाली. उपलब्ध १८ आहेत. ‘डेव्हिल गॉट माय वुमन’मध्ये फॉल्सेटो (कृत्रिम उंच पट्टीतला) आवाज गिटारच्या वरच्या तारांशी जवळजवळ एकजीव होतो. ‘२२-२० ब्लूज’ पियानोवर आहे. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये ते गिटारवर आणून ‘३२-२० ब्लूज’ केले. आर्थिक महामंदीमुळे तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे जेम्स धर्मोपदेशाकडे वळला.

१९६४ मध्ये जॉन फेही, बिल बार्थ व हेन्री वेस्टाइन या तरुण गिटारवादकांनी त्याला मिसिसिपीतील ट्युनिका येथील रुग्णालयात शोधून काढले. त्याच वर्षी तो न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायला. ‘क्रीम’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९६६ मध्ये त्याचे ‘आय ॲम सो ग्लॅड’ गायले. त्या गीताच्या मानधनाचा जेम्सला आजारपणात उपयोग झाला. फिलाडेल्फिया येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले.