घरून काम करताय? खुर्ची घेण्याआधी टेबल मोजा

"कंबर दुखते हो, एखादी चांगली खुर्ची दाखवा." दुकानात आलेल्या ग्राहकाला यावर आम्ही उलट विचारतो, "टेबल किती उंच आहे?" बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. म्हणून हे पत्रक.

जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. ताटाला ते सोयीचं, टायपिंगला नाही. साध्या प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ इंचांच्या आसपास. मध्यम उंचीच्या माणसाचं कोपर बसल्यावर बैठकीच्या वर ९ इंचांपर्यंत येतं. करा बेरीज : कोपर २६ इंचांवर, टेबल ३० वर. मग खांदे चढतात, माणूस बैठकीच्या कडेवर सरकतो, पाठीचा टेका सुटतो आणि पोक निघतं. त्यात लॅपटॉपचा स्क्रीन कीबोर्डलाच जोडलेला, म्हणून मानही खाली. कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो.

उपाय बराचसा घरातच आहे. बैठकीवर गोधडीची घट्ट घडी घाला, तीन-चार इंचांची. (मऊ उशी नको, तासाभरात दबते.) पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवा. कंबरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. आता टाइप करायला वेगळा कीबोर्ड आणि माउस लागेल. साधी जोडी हजाराच्या आत मिळते. आम्ही खुर्च्याच विकतो, तरी सांगतो, आधी हा खर्च करा.

पलंगावर लोडाला टेकून दोन ई-मेल पाहायला हरकत नाही. आठ तास नको.

महागड्या खुर्चीतही तीन तास हललं नाही तर कंबर धरतेच. चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि हालचालीने त्याला मदत होते. दर अर्ध्या तासाने उठा. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवा, म्हणजे तहान तुम्हाला उठवेल.

कंबर धरलीच तर दिवसचे दिवस झोपून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. मात्र पायात मुंग्या येत असतील किंवा जोर कमी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

एवढं करूनही खुर्ची हवीच असेल तर तीन मापं घेऊन या : अनवाणी बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची, टेबलाची उंची, आणि टेबलाला ड्रॉवर असेल तर त्याच्या खालची मोकळी जागा. हे तिसरं माप सगळे विसरतात. मग खुर्चीचे हात ड्रॉवरला अडतात आणि खुर्ची बदलायला पुन्हा टेम्पो करावा लागतो.